उन्हात स्क्रीन दिसत नाही, मग खिडकीचा छोटा कॅमेरा घ्यावा का?

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलं आहे: कासला गेलं की उन्हात मोबाईलच्या स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. जवळचं बघायला चष्मा लागतो, त्यामुळे फोटोत काय आलं ते घरी येईपर्यंत कळत नाही. पूर्वीच्या रोलच्या कॅमेऱ्याला असायची तशी डोळा लावून बघायची खिडकी असलेला, पर्समध्ये बसणारा डिजिटल कॅमेरा मिळेल का? कासची फुलं, तरडगावजवळचं पालखीचं रिंगण आणि नातवंडं, एवढंच काढायचं आहे. दुकानात विचारलं की "आता तसं काही येत नाही" म्हणतात.

बाई, दुकानदार अर्धं खरं सांगतोय. झूमबरोबर चालणारी काचेची खिडकी असलेला छोटा कॅमेरा आज कोऱ्या डब्यात मिळत नाही. कॅननचा जी-१६ आणि फुजीफिल्मचा एक्स-२०, दोन्ही २०१३ चे, हे त्या जातीचे शेवटचे. पण बनवणं बंद झालं म्हणून कॅमेरे संपले असं थोडंच आहे! लोकांच्या कपाटात, स्टुडिओवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये असे पुष्कळ पडून आहेत. सांगलीत माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यांतले बरेचसे साफसफाई आणि नवी बॅटरी यावर चालू होतात. तुमच्या कामाला मी कॅननचा पॉवरशॉट जी-१२ सुचवेन, अर्थात सेकंडहँड आणि नीट तपासून घेतलेला. नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण तुमच्या यादीत फुलं पहिली आहेत आणि तिथंच मेख आहे.

खिडकी भिंगाच्या वर, जराशी बाजूला असते. म्हणजे तुम्ही एका जागेवरून बघता आणि कॅमेरा तीन-चार सेंटिमीटर खालून बघतो. वारकरी दहा फुटांवर असेल तर एवढ्या फरकानं काही बिघडत नाही. पण कासची सीतेची आसवं ही फुलं बोटाच्या नखाएवढी. ती टिपायला कॅमेरा वितीच्याही आत न्यावा लागतो. अशा वेळी खिडकीत फूल मधोमध दिसतं आणि फोटोत शेजारचं गवत येतं. शिवाय फोकस फुलावर बसला की मागच्या खडकावर, हे खिडकी सांगत नाही. तिच्यातून सगळंच कायम स्वच्छ दिसतं. शेजारचा हिरवा दिवा लागला म्हणजे फोकस कुठंतरी बसला, इतकंच कळतं. म्हणून फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो मोड लावला की खिडकी विसरायची आणि स्क्रीनच बघायची.

मग खिडकीचा हट्ट कशाला? तर रिंगणासाठी. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण लागतं, दोन्ही बाजूंनी माणसं रेटत असतात, घोडा येतो आणि जातो. हात लांब करून स्क्रीनवर त्याला शोधेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. खिडकीला डोळा लावला, दुसरा डोळा उघडा ठेवला, की घोडा चौकटीत शिरायच्या आधीच दिसतो. कॅमेरा कपाळाला टेकलेला, कोपरं बरगड्यांना लावलेली, त्यामुळे हातही हलत नाही. पावसाळी ढगाळ उजेडात याचा फायदा फोटोत स्पष्ट दिसतो. बॅटरीही वाचते. कॅननच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे जी-१२ मध्ये स्क्रीन चालू ठेवून एका चार्जिंगवर सुमारे ३७० फोटो निघतात, स्क्रीन बंद ठेवून सुमारे १०००.

तेव्हा तुम्हाला खिडकीही हवी आणि वळणारी स्क्रीनही. हे दोन्ही एकाच कॅमेऱ्यात देणारी मॉडेल्स मोजकीच आहेत, आणि जी-१२ त्यांतला सगळ्यांत सहज सापडणारा. २०१० चा कॅमेरा, १० मेगापिक्सेल, झूम रोलच्या कॅमेऱ्याच्या हिशोबात २८ ते १४० मिलिमीटरच्या तोडीचा, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. स्क्रीन दारासारखी बाजूला उघडते आणि हवी तशी फिरते. मॅक्रोत भिंगापासून एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस होतो. कासला आता ठरवून दिलेल्या वाटेवरूनच चालायचं असतं, आणि फुलांत पाय टाकू नयेच. वाटेच्या कडेला बसायचं, कॅमेरा जमिनीलगत पुढे धरायचा, स्क्रीन वर वळवायची आणि छत्रीची सावली तिच्यावर घ्यायची. उन्हाचा प्रश्न निम्म्याहून जास्त तिथंच मिटतो. त्याच्या आधीचा जी-११ (२००९) जवळपास तसाच आहे. चांगल्या स्थितीत मिळाला तर तोही चालेल.

फक्त "छोटा" हा शब्द जरा सैल धरा. बॅटरीसकट ४०० ग्रॅम वजन आहे आणि जाडी पाच सेंटिमीटरच्या आसपास. पर्समध्ये बसतो, झब्ब्याच्या खिशात लोंबतो.

निकॉनचा पी-७१०० (२०११) हा याच मापाचा दुसरा चांगला पर्याय. स्क्रीन फक्त वर-खाली कलते, पण फुलांना तेवढं पुरतं, आणि झूम २०० मिलिमीटरपर्यंत जातो. पालखीला गर्दीच्या मागून काढायचं असेल तर हा उजवा. त्याला ईएन-ईएल १४ ही बॅटरी लागते, जी निकॉनच्या डी-३१००, डी-५१०० अशा लोकप्रिय मोठ्या कॅमेऱ्यांनाही चालायची. त्यामुळे आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक फोटोग्राफरकडे ती किंवा तिचा चार्जर सापडतो. जुना कॅमेरा घेताना याला मी फार किंमत देतो. याच मालिकेतला पुढचा पी-७७०० मात्र चुकून घेऊ नका, त्यात खिडकीच काढून टाकली आहे.

अशीच आणखी एक फसगत सांगून ठेवतो. कोणी म्हणेल, जी-१२ कशाला, त्याहून भारी जी-१ एक्स घ्या, सेन्सर, म्हणजे रोलच्या जागी फोटो टिपणारा भाग, कितीतरी मोठा आहे. सेन्सर मोठा आहे हे खरं, खिडकीही आहे, वळणारी स्क्रीनही आहे. पण त्याचा मॅक्रो वीस सेंटिमीटरच्या आत जात नाही. लग्नाकार्यात चांगला, सीतेच्या आसवांना निरुपयोगी.

जी-१५ आणि जी-१६ अंगानं सडपातळ, आणि त्यांच्या भिंगातून उजेड बराच जास्त येतो. संध्याकाळी घरात नातवंडं पळत असतात तेव्हा हे कामाला येतं. स्क्रीन मात्र पाठीला घट्ट बसवलेली. गुडघे नीट असतील आणि जमिनीवर वाकायची तयारी असेल तर घ्या.

फुजीचे एक्स-१० आणि एक्स-२० मला स्वतःला सगळ्यांत आवडतात. त्यांचा झूम हातानं भिंग फिरवून होतो आणि कॅमेरा सुरूही तसाच होतो. मोटर नसल्यानं भिंग अर्ध्यात अडकण्याची जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची कायमची दुखणी इथं फार कमी. एक्स-२० च्या खिडकीत शटरचा वेग, छिद्राचा (भिंगातून उजेड आत येतो त्या भोकाचा) आकडा आणि फोकस कुठं बसला तेही आतच उमटतं, म्हणजे मघाशी सांगितलेली अडचण बरीचशी दूर होते. एक्स-१० च्या सुरुवातीच्या नगांत दिव्यांच्या चमकेच्या जागी कडक कडांच्या पांढऱ्या चकत्या यायच्या आणि कंपनीनं त्यासाठी पुढे सेन्सर बदलून दिले. एक्स-१० घेताना रात्रीच्या रस्त्यावरच्या दिव्यांचा एक फोटो काढून बघा. या दोघांचीही स्क्रीन वळत नाही, म्हणून तुमच्यासाठी ते दुसऱ्या नंबरवर.

अगदीच छोटा, मुठीत झाकणारा हवा असेल तर कॅननचे इक्सस ९५ आणि इक्सस १००, दोन्ही २००९ चे. इक्सस १०० तर जेमतेम दोन सेंटिमीटर जाड. खिडकी आहे, पण ती दाराच्या पीपहोलसारखी: कोण आलंय ते कळतं, चेहऱ्यावरचे भाव कळत नाहीत. पेन्सिल सेलवर चालणारे कॅननचेच ए-५९० आणि ए-११०० यांची खिडकी किंचित बरी, आणि सेल मेढ्यातही मिळतात. त्यांत चार्ज होणारे सेल घाला, साधे फार टिकत नाहीत. २००८ च्या आसपासच्या सोनीच्या डब्ल्यू मालिकेतही बऱ्याच मॉडेल्सना खिडकी होती. पण त्यांना सोनीचं मेमरी स्टिक कार्ड लागतं आणि ते शोधण्यात तुमचा दिवस जाईल. सोडून द्या.

आता चष्म्याबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला हेच महत्त्वाचं वाटलं. वयानं जवळचं दिसेनासं होतं, लांबचं बहुतेकांना ठीक दिसतं. स्क्रीन हातभर अंतरावर, म्हणजे नेमकी त्रासाच्या टापूत. खिडकीतून बघताना मात्र डोळा लांबचं बघत असतो, वाचायच्या चष्म्याची गरज पडत नाही. चाळिशी उलटलेल्यांना खिडकी आवडते ती फक्त जुन्या आठवणींमुळे नव्हे. कॅननची "जी" मालिका, पी-७१०० आणि फुजी यांच्या खिडकीशेजारी दातेरी चाक असतं, त्यानं थोडाफार नंबर जुळवता येतो. चष्मा काढून एखाद्या विजेच्या खांबाकडे बघा आणि खांबाची कड धारदार दिसेपर्यंत चाक फिरवा. इक्सस आणि ए मालिकेत हे चाक नाही. लांबचाही नंबर मोठा असेल तर त्या वाटेलाच जाऊ नका.

चष्मा लावूनच बघायचं असेल तर डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि कडा दिसत नाहीत. दुभिंगी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर वरच्या भागातून बघा. आणि खिडकीभोवतीच्या कडक चौकटीनं चष्म्याच्या प्लास्टिक काचेवर ओरखडे पडतात. भोवती पातळ रबराची किंवा फेल्टची चकती चिकटवून घ्या. मी गिऱ्हाइकांना देताना ती लावूनच देतो.

आणखी एक सवय करावी लागेल. या खिडक्या फोटोच्या साधारण ८० टक्केच भाग दाखवतात. म्हणजे तुम्ही चौकट नेटकी धरली तरी फोटोत चहूबाजूंनी जास्तीचं येतं: कोणाची पिशवी, कोणाचं कोपर, शेजारच्या माणसाचा वर धरलेला मोबाईल. नंतर कापून टाकायचं. त्यासाठी १० मेगापिक्सेल भरपूर झाले. जी-१२ चा झूम मागे घेतलेला असताना खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात भिंगाचं नळकांडंही दिसतं. तो बिघाड नाही, फोटोत ते येत नाही.

या खिडक्या गेल्या कशा? २००० च्या सुमाराला स्क्रीन दीड-दोन इंचांच्या आणि बॅटरी खाणाऱ्या, तेव्हा खिडकी ही गरज होती. पुढे स्क्रीन अडीच-तीन इंचांच्या झाल्या, पाठीवर जागा उरेना. झूम लांबत गेला तसं त्याच्याबरोबर सरकणारी खिडकीतली भिंगंही महाग आणि किचकट होत गेली. गिऱ्हाईकही दुकानात स्क्रीनचा आकारच विचारू लागलं. कंपन्यांनी हिशोब केला, बस्स.

विकत घेताना काय बघायचं, हे सावकाश सांगतो, कारण पैसे इथंच वाचतात किंवा बुडतात.

कॅमेरा हातात आला की आधी कानाला लावून सुरू करा. भिंग बाहेर येताना एकसारखा घर्र आवाज हवा. मध्ये कच किंवा अडखळ आली तर आत धूळ आहे किंवा दाता झिजला आहे. झूम पूर्ण पुढे-मागे करत राहा, आणि ते करताना खिडकीत डोळा ठेवा. आतलं चित्रही झूमबरोबर सरकत जायला हवं. भिंग फिरतं पण खिडकी ढिम्म, असे कॅमेरे मी पाहिले आहेत. मग समोरच्या घराच्या खिडकीचे गज बघा. मधला गज बरोबर मध्यावर धरून फोटो काढा आणि स्क्रीनवर ताडून बघा. गज बराच बाजूला सरकला असेल, किंवा खिडकीत सरळ आणि फोटोत तिरका असेल, तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे.

पुढे छिद्र शक्य तितकं लहान करून, जी-१२ मध्ये एफ-८, पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा. मोठा करून बघितल्यावर करडे गोल ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ बसली आहे. छोट्या कॅमेऱ्यात ती फुंकून जात नाही, सगळं उघडावं लागतं. भिंग आभाळाकडे धरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे दिसले तर ती बुरशी. महाबळेश्वर-पाचगणीकडून आलेल्या कॅमेऱ्यांत ती मला हमखास दिसते, चार महिने कपाटात दमट हवा खाल्लेली असते. असा कॅमेरा फुकटही घेऊ नका. खिडकीच्या काचेत थोडा धुरकटपणा असेल तर तो चालतो, फोटोवर त्याचा परिणाम नाही आणि बऱ्याचदा साफ होतो. ए मालिकेत बॅटरीच्या झाकणाची कडी नक्की बघा, ती प्लास्टिकची नाजूक चीप तुटलेली असते आणि विकणारा रबर लावून झाकण दाबून धरतो.

आणि आपल्या भागातली एक खास तपासणी. कऱ्हाडजवळच्या पालीला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात, तेव्हा हवेत हळदच हळद असते. भिंग बाहेर आलेलं असताना ही पूड नळकांड्यांच्या फटीत शिरते. असा कॅमेरा उघडला की आतल्या खाचांत मूळच्या ग्रीजमध्ये कालवलेला पिवळा लगदा दिसतो, वाळून चामड्यासारखा झालेला. तो ब्रशनं निघत नाही. नळकांडी सुटी करून, एकेक खाच स्पिरिटच्या काडीनं पुसून, नवं ग्रीज लावावं लागतं, आणि त्या मजुरीत दुसरा जुना कॅमेरा येतो. म्हणून घेताना भिंगाच्या कड्यांच्या फटी टॉर्चनं बघा. पिवळी रेघ दिसली तर उठून या. तुमचा स्वतःचा कॅमेरा अशा ठिकाणी न्यायचाच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घाला, भिंगापुरतं भोक पाडून कडा रबरानं बांधा, आणि भंडारा उडत असताना झूमला हात लावू नका.

कुठं मिळेल म्हणाल, तर आधी साताऱ्यातल्याच जुन्या स्टुडिओंत विचारा, मग कोल्हापूर, पुणे. मुंबईला फोर्टात बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथं हातात घेऊन बघता येतं. हल्ली कॉलेजच्या मुलांत जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं खूळ आहे, त्यामुळे इक्सससारख्या चिमुकल्यांचे भाव उगाच चढलेत. जी-१२ अंगानं थोराड, मुलांना तो तितका नको असतो. तुमच्या पथ्यावरच आहे. जपानहून मागवलेला माल बऱ्याचदा स्वच्छ असतो, पण त्यावर कस्टम लागतं आणि हातात येईपर्यंत काहीच तपासता येत नाही. शिवाय जपानमध्ये विकल्या गेलेल्या सोनीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीतच असतो.

नवं कोरंच हवं, असा घरच्यांचा आग्रह असेल तर तेही सांगतो. फुजीचा एक्स हाफ २०२५ मध्ये आला. २४० ग्रॅम, काचेची साधी खिडकी, झूम नाही, फोटो मुळात उभे. खरोखर खिशात बसतो, पण फुलांसाठी मी घेणार नाही. फुजीच्याच एक्स-१०० मालिकेची खिडकी सगळ्यांत सुंदर. एका खटक्यावर ती काचेची असते, दुसऱ्या खटक्यावर आतच छोटी स्क्रीन होते, म्हणजे जवळचं काढतानाही डोळा हलवायला नको. त्यातला ताजा एक्स-१०० सहा हा ५०० ग्रॅमच्या वर आहे आणि किंमत लाखाच्या पुढे. कॅम्प स्नॅप नावाचा एक स्वस्त कॅमेरा आहे, स्क्रीन नाहीच, नुसतं भोक आणि बटण. नातवंडांच्या हातात द्यायला उत्तम.

दुकानदार "व्ह्यूफाइंडर आहे" म्हणून सोनीचा आरएक्स-१०० मार्क तीन दाखवेल. त्यात कोपऱ्यातून वर येणारी खिडकी आहे, पण ती काचेची नाही, आत इवलीशी स्क्रीन आहे. तुम्ही विचारलेली वस्तू ही नव्हे. तरीही बघाच म्हणेन. उन्हात अडचण नाही, नंबर जुळवता येतो, आणि दिसतं तेच फोटोत येतं, कारण ती भिंगातूनच बघते. पैसे जास्त घालायची तयारी असेल आणि काचेच्या खिडकीवर जीव नसेल तर हा सौदा वाईट नाही. फक्त झूम ७० मिलिमीटरलाच संपतो, पालखीत त्याची चणचण भासेल.

जी-१२ ठरला तर त्याला एनबी-७एल बॅटरी लागते. विकणाऱ्याकडची जुनी टेबलावर आडवी ठेवून बघा. पोट फुगून डुगडुगत असेल तर ती वापरूच नका, आत अडकून बसते. दुसऱ्या कंपनीच्या दोन नव्या घ्या, पालखीच्या दिवशी एक कमी पडते. कार्ड १६ जीबीचं पुरे. इक्सस १०० किंवा ए-५९० घेतलात तर ३२ जीबीच्या वरचं कार्ड त्यांना ओळखतच नाही, हे दुकानात आधी सांगा.